कुटुंबासाठी कुत्र्याची जात निवडताना: लॅब्रॅडॉर, गोल्डन, बीगल की आपला गावठी?

मृण्मयी_स
नमस्कार. आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दोघे, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई अशी पाच माणसे घरात आहेत. वर्षभरापासून मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला आहे. मुलीला गोल्डन रिट्रीव्हर हवा आहे, मुलाला बीगल आणि नवऱ्याला लॅब्रॅडॉर. सासूबाईंचे म्हणणे असे, की कुत्रा अंगणात शोभतो आणि आपल्याला अंगण नाही, तेव्हा विषय संपला.
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या सोसायटीत फिरून पाहिले तर चार-पाच जातींचेच कुत्रे दिसतात. कुटुंबांना नेमक्या याच जाती का आवडतात? हे प्रेम त्या कुत्र्याच्या स्वभावावरचे असते, की शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे, अशातला प्रकार असतो? ज्यांनी निदान दोन-तीन वर्षे कुत्रा सांभाळला आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास मला निर्णय घेणे सोपे जाईल.

टेकडीवाला
आमच्याकडे लॅब्रॅडॉर अकरा वर्षे होता, म्हणून अधिकाराने लिहितो. हा कुत्रा मूळचा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तेथील कोळी थंडगार पाण्यातून जाळ्याच्या दोऱ्या आणि निसटलेले मासे ओढून आणण्यासाठी त्याच्या पूर्वजांना वापरत असत. पुढे इंग्लंडच्या सरदार लोकांनी त्याला शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला शिकवले, आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. हा इतिहास अशासाठी सांगितला, की पक्षी दातांखाली न चिरडता अलगद आणून मालकाच्या हातात द्यायचा, हे ज्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम, त्याच्या तोंडात लहान मुलाचा हात गेला तरी तो सहसा चावत नाही. माणसाच्या मर्जीत राहणे हाच त्याच्या नोकरीचा गाभा होता, आणि कुटुंबांना आवडतो तो नेमका हाच गुण.
दुसरी बाजूही ऐका. पहिली दोन वर्षे तो कुत्रा नसून वादळ असतो. आमच्याने दोन चपलांचे जोड, एक रिमोट आणि भाचीच्या लग्नाची पत्रिका खाल्ली.

चकली
पत्रिका खाल्ल्यावर लग्न झाले का, हे आपण लिहिले नाही.

टेकडीवाला
झाले, आणि जेवणाच्या पंगतीत तोही होता.

डॉ_पशुवैद्य
मी सांगलीत पशुवैद्यक आहे. टेकडीवाल्यांनी लॅबच्या स्वभावाबद्दल लिहिलेले बरोबर आहे, परंतु त्याच्या भुकेबद्दल कोणीतरी लिहायला हवे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा काही भाग गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. मजेची गोष्ट अशी, की अंध व्यक्तींना साहाय्य करण्यासाठी तयार केल्या जाणाऱ्या लॅबमध्ये हे प्रमाण बरेच जास्त आढळले. खाऊसाठी काहीही करायला तयार असणारा कुत्रा लवकर शिकतो, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.
आपल्या घरांत याचा परिणाम काय होतो? आजी एक पोळी देते, आजोबा चहात बुडवून बिस्कीट देतात, मुले ताटातली भाजी त्याला घालतात, आणि तीस किलोचा कुत्रा बघता बघता पंचेचाळीस किलोंचा होतो. मग खुब्याच्या सांध्याचे दुखणे सुरू होते, जे या जातीत मुळातच पुष्कळ आहे. माझ्याकडे येणाऱ्या लॅबपैकी ज्यांच्या बरगड्या हाताला लागतात असे फार थोडे असतात. मालक मात्र म्हणतात, ‘डॉक्टर, तो काहीच खात नाही.’

ओवी
आमटी-भात घातलेला चालतो का? आमच्याकडे लहानपणापासून घरातले उरलेले तेच कुत्र्याला, अशी पद्धत होती.

डॉ_पशुवैद्य
ओवीताई, साधा भात, उकडलेले अंडे, न तिखटवलेली भाजी यांना हरकत नाही. मात्र कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, आणि आपली कोणती आमटी त्यांच्यावाचून होते? द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेटही वर्ज्य. शिऱ्यातले बेदाणे ‘दोनच तर आहेत’ म्हणून देऊ नयेत.

न्यूजर्सीची_सई
मृण्मयी, तू विचारलेला ‘शेजाऱ्याकडे आहे म्हणून’ हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत १९९१ पासून २०२१ पर्यंत सलग ३१ वर्षे लॅब्रॅडॉर पहिल्या क्रमांकावर होता. २०२२ मध्ये त्याला फ्रेंच बुलडॉगने मागे टाकले. आता हा फ्रेंच बुलडॉग पाहा: नाक चपटे, श्वास घरघरणारा, डोके इतके मोठे की बहुसंख्य पिल्लांचा जन्म शस्त्रक्रियेनेच करावा लागतो. तरीही तो पहिला, कारण छोट्या घरात मावतो, फार भुंकत नाही आणि नामवंतांच्या कडेवर दिसतो. तेव्हा लोकप्रिय म्हणजे घरासाठी चांगला, हे समीकरण मी तरी मानत नाही.
आमच्याकडे बीगल आहे. सशाचा माग काढण्यासाठी टोळीने पळणारा हा कुत्रा, म्हणून त्याला सोबत लागते आणि एकटा पडला की तो असा गळा काढतो, की तीन घरांपलीकडचे लोक विचारायला येतात. त्याचे नाक हाच त्याचा मालक. वास लागला की आपली हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. इथे १९८४ पासून विमानतळांवर सामानातली फळे आणि मांस हुंगून काढण्यासाठी बीगल ठेवतात. माझ्या आईच्या बॅगेतले चार हापूस अशाच एका हिरव्या जाकिटातल्या बीगलने शोधून काढले, आणि ती अजूनही आमच्या बीगलकडे संशयाने बघते.

चकली
चार हापूस गेल्याचे दुःख मोठे आहे. बीगल ही जात यादीतून बाद करावी, असा ठराव मी मांडते.

जुनाजाणता
मंडळी, माझे वय एकाहत्तर आहे, म्हणून कुत्र्यांच्या या फॅशनी मी एकामागून एक येताना पाहिल्या. आमच्या लहानपणी वाड्यात मोती किंवा टिप्या असे, तो वाड्याचा असे, कोणा एकाचा नसे. बंगलेवाल्यांकडे अल्सेशियन असे. पहिल्या महायुद्धात जर्मन या शब्दाचा इंग्रजांना इतका राग आला, की जर्मन शेफर्डचे त्यांनी अल्सेशियन असे बारसे केले, आणि आपण ते नाव त्यांच्यापेक्षाही निष्ठेने चालवले. ऐंशीच्या दशकात ब्लॉकमध्ये राहणाऱ्या मध्यमवर्गाने पांढराशुभ्र पॉमेरेनियन आणला. खरे म्हणजे त्यातले बहुतेक कुत्रे पॉमेरेनियन नव्हतेच. ते इंडियन स्पिट्झ होते, जे आकाराने थोडे मोठे आणि आपल्या हवेत रुळलेले असतात. १९९४ च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात क्रिकेटच्या सामन्याचा पंच झालेला कुत्रा याच जातीचा. त्यानंतर २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत छोट्या मुलाच्या मागे मागे चालणारा पग आला आणि प्रत्येक सोसायटीत पग दिसू लागला. आता हस्कीची पाळी आहे. सायबेरियात ज्याने बर्फावर गाडी ओढायची, तो नागपुरात मे महिन्यात फरशीला पोट लावून पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या मालकाला मी विचारले, की हा का घेतला. तो म्हणाला, डोळे निळे आहेत.
मृण्मयीताई, तुमच्या सासूबाईंना वेड्यात काढू नका. कुत्रा अंगणातला, या म्हणण्यात त्याचे काम आणि त्याची जागा यांचा हिशेब होता. खंडोबाच्या बरोबर कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, नामदेव पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. आपल्याकडे कुत्र्याला मान नव्हता असे नाही, फक्त त्याला गादीवर घेतले नव्हते.

ओवी
पगबद्दल माझा अनुभव लिहिते, कारण तो लिहिला नाही तर मला माफी नाही. आम्ही २०१७ मध्ये पुण्याजवळच्या एका पैदास करणाऱ्याकडून पगचे पिल्लू घेतले. त्याने ते पंचेचाळीस दिवसांचे असल्याचे सांगितले, आईला दाखवले नाही, आणि लसीकरणाच्या वहीवर कोणाचीही सही नव्हती. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण आम्ही फक्त त्याच्या सुरकुत्यांकडे पाहत होतो. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी त्याला पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा रोग, झाला. सहा दिवस सलाइन लावून तो वाचला, हे नशीब. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात दुपारी बारानंतर त्याला खोलीबाहेर काढता येत नाही, झोपेत तो इतका घोरतो की मध्येच श्वास थांबला की काय या भीतीने मी उठून बसते. स्वभावाने तो सोन्यासारखा आहे. माझा मुलगा शाळेतून रडत आला तर हा त्याच्या पायावर बूड टेकून बसतो आणि तो उठेपर्यंत हलत नाही. कुटुंबे पगवर प्रेम का करतात, याचे उत्तर मला ठाऊक आहे. पण ते प्रेम आम्हाला मिळावे म्हणून त्याला आयुष्यभर अर्ध्या श्वासावर जगावे लागते, हेही मला ठाऊक आहे, आणि म्हणून पुन्हा मी पग घेणार नाही.

डॉ_पशुवैद्य
ओवीताईंनी मनापासून लिहिले आहे. कुत्रा घामाने नव्हे तर प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड करतो. नाक-घसाच आखूड असेल तर ही सोय निकामी होते. नेदरलँड्सने २०१९ पासून अतिचपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध आणले ते याच कारणाने. आपल्याकडेही २०१७ चे कुत्रे-पैदास नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि अठरा महिन्यांहून लहान किंवा आठ वर्षांहून मोठ्या मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत. पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू विकणाऱ्याने आठ आठवड्यांचा नियम कुठे पाळला? पिल्लू घ्यायचेच असेल तर त्याच्या आईला तिच्या राहत्या जागी पाहिल्याशिवाय घेऊ नका, एवढे सांगतो.

लातूरकर
इतका वेळ वाचतो आहे. इंग्लंड झाले, कॅनडा झाला, सायबेरियाही झाला. आमच्या चाकूर तालुक्यातल्या जानवळचे नाव मात्र कोणी घेतले नाही. कारवानी कुत्रा आमच्याकडचा. सडपातळ, लांब पायांचा, अरुंद डोक्याचा, आणि पळू लागला की जमिनीला टेकतो की नाही असे वाटणारा. कानांवर आणि शेपटीवर लांब केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच घराण्याच्या कुत्र्यांना आश्रय दिला, म्हणून त्याला मुधोळ हाउंड हे नाव पडले. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिले.
आमच्या घरी आजोबांपासून कारवानी आहे. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तो सावलीत निवांत असतो, त्याला गोचीड कमी लागते, बाजरीची भाकरी आणि ताक त्याला पुरते, आणि वर्षातून एकदा लस टोचण्यापलीकडे डॉक्टरांचे तोंड त्याने पाहिलेले नाही. मग आपली कुटुंबे हजारो मैलांवरून आलेला कुत्राच का शोधतात?

डॉ_पशुवैद्य
लातूरकरदादा, भाकरी-ताकावर कुत्रा जगतो, पण त्याला प्रथिनेही लागतात. अंडी किंवा मांस देत चला. बाकी उष्णतेच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे.

टेकडीवाला
लातूरकर, आपल्या अभिमानाचा आदर ठेवून विचारतो: हा कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या घरात राहील का?

लातूरकर
प्रामाणिक उत्तर देतो. राहील, पण त्याला ते आवडणार नाही. तो नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद झाली हे बरेच झाले, पण पळण्याची त्याची तहान कायद्याने जात नाही. रोज मोकळ्या शेतात भरधाव पळायला मिळाले तर घरात तो एखाद्या सभ्य पाहुण्यासारखा कोपऱ्यात पडून राहतो. पळायला नाही मिळाले तर खंगतो. शिवाय तो परक्याला लगेच अंगाला हात लावू देत नाही. मुलांचे मित्र दिवसातून दहा वेळा येणार असतील, तर माझ्या कुत्र्याची शिफारस मी करणार नाही. अभिमान वेगळा आणि शिफारस वेगळी.

चकली
या धाग्यावरचे सर्वांत प्रामाणिक वाक्य सापडले.

गोमंतक
म्हापशाहून लिहितो. जातिवंत कुत्र्यांची इतकी चर्चा चालली आहे आणि रस्त्यावरच्या गावठी कुत्र्याचा विचार फक्त शीर्षकात आहे. आमच्याकडे दोन आहेत, दोन्ही पावसाळ्यात रस्त्यालगतच्या गटारातून उचललेले. पहिली मादी आता तेरा वर्षांची आहे आणि अजून जिना चढते. हजारो वर्षे ज्याला माणसाने निवडले नाही, तर उन्हाने, उपासाने आणि रोगाने निवडले, तो जे शरीर घेऊन येतो ते कोणत्याही पैदास करणाऱ्याला देता येणार नाही.
न्यायासाठी दोषही लिहितो. पिल्लू मोठे झाल्यावर किती वाढेल आणि कसे वागेल, हे आधी सांगता येत नाही. आमचा दुसरा कुत्रा फटाक्यांनी इतका बिथरतो, की चतुर्थी आणि दिवाळीत त्याला न्हाणीघरात बसवून मीही त्याच्याबरोबर बसतो. आणि प्रदेशावरचा हक्क त्यांच्या रक्तात असतो, त्यामुळे पोस्टमनशी आमचे संबंध सुधारलेले नाहीत. जात घेतली की निदान अंदाज मिळतो, गावठी घेतला की आरोग्य मिळते, असे मला वाटते.

न्यूजर्सीची_सई
अंदाज मिळतो, हे खरे, पण तो अंदाजच असतो. माझ्या मैत्रिणीकडचा गोल्डन पाहुण्यांवर गुरगुरतो. एरवी ही जात म्हणजे प्रेमळपणाचा आदर्श. पहिल्या लॉर्ड ट्वीडमाउथने स्कॉटलंडमध्ये आपला पिवळा रिट्रीव्हर नूस आणि पाण-स्पॅनियल मादी बेल यांच्यापासून १८६८ मध्ये जी पिल्ले घेतली, त्यांच्यापासून ती तयार झाली. मृण्मयीच्या मुलीला गोल्डन हवा आहे, तर तिला एक गोष्ट आधीच सांग: त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि रोज विंचरले नाही तर ते केस वरणातही सापडतात.

जुनाजाणता
वरणात केस सापडल्यावर सासूबाईंचे मत काय होईल, हे मी लिहीत नाही.

मृण्मयी_स
सर्वांचे आभार. मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी डॉक्टरांची आणि जुनेजाणते काकांची पोस्ट दोनदा वाचायला लावली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: सकाळी सहा वाजता पावसात त्याला खाली कोण नेणार? मुलांनी हात वर केले. नवऱ्याने फोन पाहायला सुरुवात केली.
आम्ही असे ठरवले आहे, की माझा चुलतभाऊ मे महिन्यात दहा दिवस बाहेरगावी जाणार आहे, त्याचा तीन वर्षांचा लॅब आम्ही तेवढे दिवस सांभाळायचा, आणि मगच बोलायचे.

डॉ_पशुवैद्य
उत्तम विचार. येताना त्याची स्वतःची गादी, नेहमीचे खाणे आणि लसीकरणाची वही आणायला सांगा, आणि पहिल्या दोन दिवसांत त्याला एकटे सोडू नका.

मृण्मयी_स (तीन आठवड्यांनी)
उशिरा उत्तर देते आहे. लॅब आला आणि गेला. टेकडीवाल्यांनी लिहिलेला एकेक शब्द खरा निघाला. मुलगी त्याच्यासाठी साडेपाचला उठली, दहाही दिवस. मुलगा मात्र पहिल्याच दिवशी त्याच्या उडीने जमिनीवर आडवा झाला आणि नंतर सोफ्याच्या पाठीवर बसून राहू लागला. कुत्र्याने त्याला कधीच काही केले नाही. तो फक्त तेहेतीस किलोंचा होता आणि मुलगा एकोणीस किलोंचा. सासूबाईंच्या हातातला चहाचा कपही त्याच्या शेपटीने दोनदा गेला. स्वभाव चांगला असून भागत नाही, घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या मापाचा कुत्रा हवा, हे आम्हाला कोणत्याही यादीत वाचायला मिळाले नव्हते.
लॅब गेल्यावर घर ओकेबोके झाले, हेही तितकेच खरे. सासूबाई अजूनही सकाळी एक पोळी जास्त लाटतात आणि मग ती कोणाला द्यायची यावर घरात चर्चा होते. आम्ही पिल्लू घेणार नाही, असे आता ठरले आहे. पुण्यातल्या एका निवाऱ्यात चार वर्षांची मध्यम आकाराची गावठी मादी आहे. नसबंदी झाली आहे, लसी टोचल्या आहेत, आणि तेथील लोक म्हणतात, की ती लहान मुलांजवळ शांत बसते. रविवारी चौघे तिला पाहायला जाणार आहोत. सासूबाई नको म्हणाल्या होत्या, पण काल रात्री त्यांनी नाव विचारले.

गोमंतक
आनंद वाटला. पहिल्या भेटीत मुलाला तिच्याकडे जाऊ देऊ नका. त्याला जमिनीवर बसवा, हात मांडीवर ठेवायला सांगा आणि तीच हुंगायला येते का ते बघा. शक्य असेल तर एका भेटीवर ठरवू नका, दोन-तीनदा जा.

लातूरकर
आणि ती मांजर दिसल्यावर काय करते, हे त्या लोकांना विचारून घ्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात मांजरे असतातच.

मृण्मयी_स
आमच्या मजल्यावर दोन आहेत. हा प्रश्न लिहून घेतला.

चकली
नाव काय आहे तिचे?

मृण्मयी_स
निवाऱ्यात तिला ब्राउनी म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे आली तर तिचे नाव काळी राहील. ती पिवळी आहे.